मागचं रद्द होत नाही

खरेदीखत करायला येणारी माणसं मोठ्यानं बोलत येतात. सोबत दोन-चार पाहुणे असतात, पेढ्याचा पुडा असतो, कुणाला तरी आत जाऊन साहेबांना लवकर उरका म्हणायची घाई असते. मुखत्यारपत्र मोडायला येणारा माणूस एकटा येतो. आधी समोरच्या टपरीवर चहा घेत बसतो, आमच्या शेडमधली गर्दी कमी व्हायची वाट बघतो, मग टेबलापाशी येऊन हळूच विचारतो, "बाई, दिलेला कागद परत घेता येतो का?"

परंड्याला दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल होतं. आधी तिथं माझे मिस्टर दस्त लिहायचे. ते गेल्यावर मी बसायला लागले. "बाईचं अक्षर झ्याक हाय, पर जमिनीच्या चतुःसीमा कळतील का तिला?" असं लोक मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणायचे. पुढं कॉम्प्युटर आला, अक्षराची गरज संपली, आणि चतुःसीमा मला कळतात हेही लोकांना कळलं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून गेल्या वर्षी मी टेबल सोडलं.

मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे ज्यांना कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याला जमत नाही, आपण लांब राहतो, म्हणून आपण दुसऱ्याला आपल्या नावानं सही करायचा अधिकार देतो. तो शेत बघतो, कोर्टकचेरी बघतो, पीकविमा भरतो. कुलमुखत्यारपत्र असेल तर जवळजवळ सगळंच बघतो. हा अधिकार परत घ्यायचा झाला तर नुसतं मनात आणून चालत नाही. रद्दपत्र करून नोंदवायचं, मुखत्याराला रजिस्टर पोस्टानं कळवायचं, तलाठ्याला कळवायचं, आणि कुणी फसू नये म्हणून शक्यतो पेपरात जाहीर नोटीस द्यायची. कारण सांगायलाच पाहिजे असं नाही. पण आपल्याकडं मुखत्यार परका नसतो. भाऊ असतो, मुलगा असतो, पुतण्या असतो. त्यामुळं ती नोटीस छापून आली की जग एकच अर्थ लावतं: ह्यानं खाल्लं.

म्हणून लाज वाटते ती देणाऱ्यालाच. एक म्हातारे गुरुजी होते. मुलाला दिलेला अधिकार काढून घ्यायला यायचे, रद्दपत्र तयार करून घ्यायचे, चष्मा लावून पूर्ण वाचायचे आणि सहीची वेळ आली की म्हणायचे, "आज अमावस्या आहे का हो?" नसली तरी उठून जायचे. असं बरेचदा झालं. शेवटपर्यंत त्यांनी सही केली नाही. दुसरे एक गृहस्थ मेलेल्या चुलत्याला दिलेला अधिकार रद्द करायला आले होते. मी म्हटलं, "मुखत्यार वारला की कागद आपोआप संपतो, काही करायला नको." ते ऐकेनात. म्हणाले, "तुमी नोटीस काढा. जिता असताना त्याच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली न्हाय." ती नोटीस मी काढली नाही, पण चहा पाजून त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

हसण्यावारी नेण्यासारखी अशी बरीच माणसं आली. अंजनाबाईंचं तसं नव्हतं.

अंजनाबाई परंड्याजवळच्या एका गावच्या लेक. बापाच्या वाटणीत त्यांच्या नावावर शेत आलं होतं. नवरा वारल्यावर त्या धाराशिवला लेकीकडं राहायला गेल्या आणि शेताचं बघायला धाकट्या भावाला, दत्तूला, कुलमुखत्यारपत्र दिलं. ते मीच लिहिलं होतं. दत्तू गावातला वजनदार माणूस. भावकीत शब्द चालतो, सोसायटीत बसणं-उठणं आहे, बहिणीला दर दिवाळीला साडी आणि दर सुगीला ज्वारीची पोती धाराशिवला पोच. ह्या बहीणभावाचं आमच्या शेडमध्ये उदाहरण देत.

तर त्या एके दिवशी सकाळच्या एसटीनं आल्या, डोक्यावरचा पदर दातात धरून बाकड्यावर बसून राहिल्या. गर्दी पांगल्यावर म्हणाल्या, "बाई, दत्तूला दिल्याला कागद मोडायचाय."

मला धक्का बसला. "काय झालं मावशी? शेत विकलं का काय त्यानं?"

"न्हाय. एक गुंठा सुदिक न्हाय इकला."

"मग माल देत नाही?"

"घरपोच देतो. माज्या पोरीला इचारा. दत्तूनं माजं काय बी खाल्लं न्हाय." एवढं बोलून त्यांना रडू आलं. डोळे पुसून त्यांनी जे सांगितलं ते असं.

भाचीच्या साखरपुड्याला त्या गावी गेल्या होत्या. फाट्यावर उतरल्या तर तिथं गयाबाई उभ्या. गयाबाई म्हणजे गावातल्या बौद्ध वस्तीतल्या, अंजनाबाईंच्याच वयाच्या. लहानपणी दोघी एकाच रानात ज्वारी काढायला असायच्या. अंजनाबाईंनी हाक मारली. गयाबाईंनी बघितलं आणि तोंड फिरवलं. अंजनाबाई जवळ गेल्या, म्हणाल्या, "गया, वळखलं न्हाईस का?" तर त्या म्हणाल्या, "वळखलं की. तुज्याच कागदानं माजा मालक वड्यातून गेला."

गयाबाईंचं शेत अंजनाबाईंच्या शेताच्या पलीकडं. त्यांची जायची-यायची वाट अंजनाबाईंच्या बांधावरून, दोन पिढ्यांपासून. दत्तूनं ती वाट बाभळीच्या काट्या लावून बंद केली. का, तर गयाबाईंचा मुलगा मिलिंद धाराशिवला नोकरीला लागला, त्यानं शेतात बोअर घेतलं, पाणी लागलं, आणि भावकीतल्या काहींना ते बघवेना. मिलिंदनं तहसीलला रस्त्याचा दावा लावला. त्यात शेताची मालकीण म्हणून अंजनाबाईंच्या नावानं उत्तर गेलं: इथं कधी वाट नव्हती, माझी सक्त हरकत आहे. दावा फेटाळला गेला. त्याच पावसाळ्यात गयाबाईंचे मालक, किसन, वारले. त्यांना आपल्याच रानात शेवटची जागा पाहिजे होती. बांधावर काट्या आणि पलीकडं दत्तूची माणसं उभी. शेवटी तिरडी खांद्यावर घेऊन लोक ओढ्यात उतरले. ओढ्याला मांडीभर पाणी होतं. एकाचा पाय घसरला आणि तिरडी पाण्याला टेकली.

"मला ह्यातलं काय बी ठाव नव्हतं," अंजनाबाई म्हणाल्या. "पर हरकत माज्या नावाची. कुणी घेतली म्हणून गया इचारणार? बाई, तुमी त्यो कागद मोडा. म्हंजी त्यानं माज्या नावानं क्येलेलं समदं पुसून जाईल."

हा गैरसमज मी नेहमी बघितला आहे. लोकांना वाटतं, रद्द म्हणजे पहिल्यापासून रद्द. मी त्यांनी आणलेली जुन्या मुखत्यारपत्राची प्रत उघडली आणि त्यांना दाखवावं म्हणून शेवटचं कलम वाचलं. ते सगळ्या मुखत्यारपत्रांत असतं आणि मी ते शेकड्यांनी लिहिलं असेल. "सदर मुखत्यार आमचे वतीने जे जे काही करतील ते सर्व आम्ही जातीने केले आहे असे समजून आम्हांस कबूल व मंजूर राहील."

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"जातीनं म्हंजी?"

"म्हणजे स्वतः. तुम्ही स्वतः हजर राहून केलं, असं धरायचं."

त्या कागदाकडं बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बराबर लिव्हलंय. जातीनंच केलं."

ते कलम लिहिताना त्या शब्दाचा दुसरा अर्थ कधी माझ्या मनालाही शिवला नव्हता.

"मावशी," मी शेवटी सांगितलं, "कागद आज रद्द केला तर आजपासून पुढं त्याला तुमच्या नावानं काही करता येणार नाही. पण मागचं रद्द होत नाही. त्यानं केलेलं तुमचंच राहतं."

"म्हंजी किसनला वड्यातून म्याच न्हेलं."

कायद्याच्या भाषेत त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि खोटा धीर द्यावा अशी त्यांची नजर नव्हती.

रद्दपत्राच्या दिवशी त्या लेकीला घेऊन आल्या. परंडा केवढंसं गाव, दत्तूला बातमी लागलीच. मोटरसायकल उभी करून तो सरळ माझ्या टेबलापाशी आला. एरवी मला नमस्कार घालणारा माणूस, त्या दिवशी त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.

"आक्का, म्या तुजं काय खाल्लं?"

"काय न्हाय."

"मग हे काय चाललंय? लोक काय म्हणतील? दत्तूनं सख्ख्या बहिणीला बुडिवलं म्हणतील. मला गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल का?"

"मलाबी न्हाय राहिली."

"त्या वाटंचं म्हणतीस? अगं, म्या काय माज्यासाठी केलं का? आज वाट दिली तर उद्या डांबरी कर म्हणतील. भावकीनं ठरवलं. एकट्या दत्तूचं काय चालतंय?"

"मग भावकीच्या नावानं हरकत घ्यायाची हुती," अंजनाबाई म्हणाल्या. "माजं नाव कशाला घेतलंस?"

दत्तूनं आजूबाजूला बघितलं. मग त्यानं आवाज खाली आणला. "आक्का, तू म्हणशील तर काट्या काढतो. गुपचूप काढतो. पर हे रजिस्टर नको, आन् पेपरात नको. पाया पडतो तुज्या."

खरंच वाकला तो. शेडमधले सगळे बघत होते. एवढा मोठा माणूस बहिणीच्या पायाशी, मला वाटलं आता त्या विरघळणार. त्यांनी पाय मागं घेतले, साडीचा पदर नीट केला आणि मला विचारलं, "कुठं सही करायाची, बाई?" त्या सही करत नसत, अंगठा द्यायच्या, पण शब्द तोच वापरत.

पेपरातली नोटीस लिहिताना मात्र त्यांनी मला अडवलं. माझा ठरलेला मजकूर होता: 'सदर इसमावर आमचा विश्वास राहिलेला नाही.' त्या म्हणाल्या, "असं नको. लोक त्याला चोर म्हणतील. त्यो चोर न्हाय. तसं लिव्हा." म्हणून मी लिहिलं की माझ्या भावानं माझ्या जमिनीत, मालात कसलाही अपहार केलेला नाही, तरी यापुढं त्यांनी माझ्या नावानं कोणतंही काम करू नये. जाहिराती घेणाऱ्या माणसाचा मला फोन आला. "बाई, मजकुरात चूक झाली का? अपहार नाही तर रद्द का करताय?" मी म्हटलं, चूक नाही, आहे तसं छापा.

नोटीस आली त्या आठवड्यात दत्तू पेपर घेऊन माझ्याकडं आला. भांडायला आला असेल म्हणून मी सावरून बसले. तो बाकड्यावर बसला आणि पेपरची घडी करत राहिला.

"ह्याच्यापरीस चोर म्हणली असती तर बरं झालं असतं, बाई," तो म्हणाला. "चोर म्हणली असती तर खोटं हाय म्हणून चार लोकांत सांगितलं असतं. आता ज्यो त्यो इचारतो, खाल्लं न्हाय तर मग केलंस तरी काय? ते कसं सांगू?"

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही. उठून गेला.

मला वाटलं माझं काम संपलं. पण पुढच्या आठवड्यात अंजनाबाई परत हजर. गयाबाईंकडं जायचं होतं आणि एकटं जायची हिंमत होत नव्हती. लेक बरोबर होती, तरी म्हणाल्या, "बाई, तुमी कागदाचं माणूस. तुमी चला." मी असल्या भानगडीत कधी पडत नसे. त्या दिवशी टेबल शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून गेले.

रिक्षानं आधी रानात गेलो. काट्या तशाच होत्या. दत्तूला काढायच्या होत्या त्या सौद्यात, आता तो कशाला काढेल? अंजनाबाईंनी लेकीच्या हातातली काठी घेतली आणि काट्या ओढायला लागल्या. सुकलेल्या बाभळीच्या काट्या, एकमेकींत अडकलेल्या. आम्ही तिघींनी मिळून माणूस जाईल एवढी वाट कशीबशी केली. रस्त्यानं जाणारे दोघंतिघं थांबून बघत होते, पण कुणी पुढं आलं नाही.

तिथून वस्तीत गेलो. गयाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मिलिंद सुट्टीवर आलेला, त्यानं खुर्च्या आणून ठेवल्या. अंजनाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली बसल्या.

"गया, काट्या काढल्या. आता तुमी खुशाल जावा."

गयाबाई सोलत राहिल्या.

"मला ठाव नव्हतं गं. आईची आन."

"ठाव नव्हतं," गयाबाई म्हणाल्या. "तू इचारलं व्हतंस का कव्हा? जवारी येती धाराशिवला, ती कुठून येती, कुणाची वाट बंद करून येती?"

"न्हाय इचारलं."

"व्हय. म्हणून ठाव नव्हतं."

मिलिंद म्हणाला, "आई, त्या स्वतः चालत आल्यात. बोलू दे त्यांना."

"बोल की. म्या कुठं अडिवलं?" गयाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "अंजनाबाई, लहानपणी रानात तू मला वरून पाणी वाढायचीस. वंजळीत. आठवतंय?"

"आठवतंय."

"तव्हा मला वाटायचं, चांगली हाय बिचारी, वाढती तरी. आता तू वाट वाढाया आलीस. तशीच. वरून. उद्या तू मेलीस, तुज्या भावानं परत काट्या लावल्या, मग माज्या पोरानं कुणाच्या दारात वंजळ धरायाची?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुमी कागदवाल्या ना? भावाला दिल्याला कागद हिनं मोडला. आमाला असा कागद मिळंल का, की जो हिला बी मोडता येऊ न्हाय आन् हिच्या वारसाला बी?"

मी म्हटलं, "मिळेल. कायमच्या वहिवाटीच्या हक्काचा दस्त नोंदवून दिला, तर एकट्यानं कुणाला तो मोडता येत नाही."

"मग त्यो करा. मेहरबानी नको."

आम्ही उठलो. वाटेत अंजनाबाई म्हणाल्या, "घसा कोरडा पडला व्हता. पर पाणी मागाया तोंड नव्हतं." माझंही तसंच झालं होतं. त्या अंगणात मला काही कुणी बोललं नव्हतं, तरी माझी मान वर होत नव्हती. माझ्याही माहेरी माझ्या नावचा एक तुकडा आहे, भाऊ कसतो. त्याच्या बांधावरून कोण जातं, कुणाला जाऊ देत नाहीत, हे मला सांगता आलं नसतं. त्या रात्री मी भावाला फोन करून विचारलं. तो हसला, "तुला काय करायचंय ताई?" म्हणाला. मी म्हटलं, "मला बघायला यायचंय." आणि गेले. ती हकिगत वेगळी.

वहिवाटीच्या हक्काचा दस्त मी लिहिला. बैलगाडी, ट्रॅक्टर, माणसं, जनावरं आणि अंत्ययात्रा, सगळं स्पष्ट घातलं. 'अंत्ययात्रा' हा शब्द मिलिंदनं सांगितला, आणि तो सांगताना बाहेर बघत होता. दत्तूला आम्ही निरोप दिला होता. तो आला नाही. पण त्याची बायको आली होती, कार्यालयाच्या बाहेर उभी राहिली, आत आली नाही, आणि का आली तेही बोलली नाही.

आत साहेबांसमोर अंजनाबाई आणि गयाबाई शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकमेकींशी बोलल्या नाहीत. कॅमेऱ्यासमोर फोटो झाले, अंगठे झाले. साहेब तरुण होते, नवीनच बदलून आलेले. दस्त नोंदवण्याआधी देणाऱ्याला विचारायचं असतं, तसं त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आजी, मजकूर समजला का? कुणाच्या दबावाखाली नाही ना? राजीखुशीनं देताय ना?"

ह्याला लोक मान डोलावतात आणि काम पुढं जातं. अंजनाबाई थांबल्या.

"दबाव कुणाचा न्हाय साहेब," त्या म्हणाल्या. "पर राजीखुशीनं बी न्हाय. लाजंनं देतीय. चालंल का?"

साहेबांनी मान वर केली. आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तेवढ्यात गयाबाईच म्हणाल्या,

"चालंल. लिव्हा साहेब."